उलटी प्रदक्षिणा

चढलेल्या वाटेनं उतरायचं नाही, असा एक निरुपद्रवी हट्ट डोंगरवेड्यांच्या मनात कधीतरी शिरतो आणि फेरीची आखणी सुरू होते. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेला असा हट्ट पुरवणारी एक जुनीजाणती फेरी आहे. कोकणातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेनं कोकणकडा गाठायचा, रात्री गडावर टेकायचं, सकाळी पाचनईत उतरायचं आणि साधले घाटानं पुन्हा बेलपाड्यात यायचं. सुरुवात ठाणे जिल्ह्यात, जेवण अहिल्यानगर जिल्ह्यात, शेवट पुन्हा ठाण्यात. पुणे जिल्हाही खिरेश्वराच्या बाजूनं डोकावत असतो, पण या खेपेला त्याला आमंत्रण नाही. एवढा खटाटोप करून ज्या आंब्याखाली गाडी लावली, त्याच आंब्याखाली आपण परत उभे राहतो. पाड्यावरच्या मामांना हे सांगावं तर ते विडी पेटवत विचारतात, “मग गेला कशाला?” त्यांचं बरोबरच आहे. या घाटवाटांनी मीठ वर गेलं, धान्य खाली आलं, लेकी सासरी गेल्या. रिकाम्या हातानं वर जाऊन रिकाम्या हातानं खाली येणारी माणसं या वाटांच्या आयुष्यात फार उशिरा आली.

तरीही आखणीचं सुख काही औरच. जेवणाची ताटं उचलली की टेबलावर सर्वेक्षण खात्याचा नकाशा पसरतो. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दर २० मीटर उंचीला एक नाजूक तपकिरी रेषा. पठारावर या रेषा निवांत, दूरदूर पहुडलेल्या असतात. कोकणकड्यापाशी मात्र त्या अशा दाटतात, की काढणाऱ्याचा हातच तिथं थरथरला असावा. बेलपाड्यापासून कड्याचा माथा नकाशावर जेमतेम चार बोटांवर. त्या चार बोटांत हजार मीटरांहून अधिक उंची उभी आहे, हे आमची पेन्सिल मनावर घेत नाही.

वेळेचा हिशेब आम्ही विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या स्वाधीन करतो. त्यानं १८९२ साली सांगून ठेवलंय: तासाला तीन मैल धरा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवा. या हिशेबानं आम्ही कड्यावर तीन तासांत पोचतो आणि दुपारचा चहा तिथंच घेतो. नेस्मिथसाहेबांनी नळीतले धोंडे पाहिलेले नव्हते. तिथला घसारा, दोर लावून चढायचे कातळटप्पे, आणि प्रत्येक टप्प्याखाली आपली पाळी येईपर्यंत रंगणाऱ्या गप्पा त्यांच्या सूत्रात बसत नाहीत. चांगल्या चालीच्या मंडळींचाही दिवस त्यात जातो. सायंकाळी केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यातली पिंड बघायची, असंही आम्ही लिहून ठेवतो. तिथल्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, असं गावकरी सांगतात. आमचं वेळापत्रकही साधारण तेवढ्याच आधारावर उभं असतं.

एकदा आई चष्मा लावून त्या नकाशावर ओणवी झाली. तिला समोच्च रेषांचं कौतुक नव्हतं, फेरी मात्र तिला कळत होती. तरुणपणी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीला तिनं अनवाणी फेरी घातलेली. लहान फेरी झाली तरी सुमारे २० किलोमीटरांची. नकाशा नव्हता, नेस्मिथ नव्हता. पदरात शेंगदाण्याचे लाडू बांधलेले आणि पुढच्या बाईच्या टाचांवर नजर. तिनं आमच्या पेन्सिलीच्या रेषेवरून बोट फिरवलं. बेलपाडा, पूर्वेला कडा, उत्तरेला पाचनई, पश्चिमेला घाट. “अरे, ही तर उलटी प्रदक्षिणा झाली,” ती म्हणाली. नळी उतरायला धोक्याची असते, म्हणून ती चढायलाच घ्यावी लागते, असं मी समजावलं. तिनं क्षणभर विचार करून देवाच्या वतीनं परवानगी दिली. मग आता जिन्यालाही कुरकुरणाऱ्या आपल्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “पाचनईहून वर देवळापर्यंत जरा सोपं आहे का रे?” नकाशात तेवढाच भाग तिनं पुन्हापुन्हा पाहिला. त्यानंतर आमच्या प्रत्येक आखणीत एक माणूस जास्त धरलेलं असतं. त्या माणसाचा वेग नेस्मिथला विचारायचा नाही, असं ठरलेलं आहे.

तुम्ही ही फेरी आखणार असाल तर थंडीत आखा. पुढे उन्हं तापली की नळीत पाण्याचे हाल होतात. नळी चढायलाच ठेवा, बेलपाड्यातला माहीतगार सोबत घ्या, आणि पाचनईत किती ताटं लागतील ते आदल्या दिवशीच कळवा. आखणीतली तेवढी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे होते.