कोरा कागद देणाऱ्या एलएसओएफरावांस

श्री. एलएसओएफराव,
मु. पो. लिनक्स



पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक्टर एबल यांनी आपल्याला घडवलं. कुठली फाइल कुणी उघडी धरलीय ते आपण बिनचूक सांगता, अशी ख्याती. म्हणून परवा रात्री साडेदहाला, नारायणगावात टोमॅटोच्या एका गाळ्यावर आपली आठवण झाली. डिस्क भरलेली, बिल छापेना, बाहेर क्रेट लादलेला पिकअप हॉर्न वाजवतोय. हिशेबाच्या प्रोग्रामची ४० जीबीची लॉग फाइल मी उडवली. तरी डिस्क मोजणारा 'डीएफ' म्हणे १०० जीबी भरलेत, फाइली मोजणारा 'डीयू' म्हणे साठच. पुसलेली फाइल एखाद्या प्रोसेसने धरून ठेवली की जागा सुटत नाही, एवढं मला कळतं. पुसलेल्या पण उघड्या फाइली दाखवणारा 'प्लस एल वन' लावून आपल्याला विचारलं. आपण एक ओळ दिली नाहीत. म्हटलं, कुणी धरलेली नाही. अर्धा तास डिस्कला शिव्या घातल्या.

शेवटी काही न जोडता नुसती हाक मारली, तेव्हा तोंड उघडलंत: एक नंबरची प्रोसेस, परमिशन डिनाइड. दोन नंबर, परमिशन डिनाइड. 'प्रोक'मध्ये प्रत्येक प्रोसेसची 'एफडी' नावाची खोली असते, ती मालकाला नि रूटला उघडते. हिशेबाचा तो प्रोग्राम वेगळ्या युजरच्या नावावर, मी साधा लॉगिन. कुलूप योग्यच हो! शेजाऱ्याच्या वह्या मी कशाला चाळू? पण 'कुणी नाही' आणि 'तुला सांगणार नाही' या दोन्हींना एकच कोरा कागद? आमच्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण निदान वाटेत दिसतो तरी.

'सुडो' लावून रूट म्हणून विचारलं. लगेच तीच लॉग फाइल, पुढे कंसात 'डिलीटेड'. सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा सुटली.

आणि वर काय छापलंत? 'जीव्हीएफएस' पाहता येत नाही, माहिती अपुरी असू शकते! फ्यूजची ती माउंट, ज्याने लावली त्या युजरशिवाय रूटलाही आत घेत नाही. पाटील झाला तरी सोवळ्याशिवाय देवघरात पाऊल नाही. मान्य. पण गरज नव्हती तिथे हा इशारा, आणि गरज होती तेव्हा मौनव्रत?

आपला,
साधा लॉगिन

ता. क. पिकअपवाल्याने बिल क्रेटच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. डिस्क मोकळी झाली तेव्हा तो मंचरच्या पुढे होता.