पाच ब्रास मोफत

आफ्रिकेतल्या खाणींबद्दल आपल्याला फार कळवळा. काँगोतल्या कोल्वेझीला कोबाल्ट उपसणाऱ्या पोरांचे फोटो आपण मोबाइलवर बघतो, चुकचुकतो, पुढच्या ग्रुपवर ढकलतो. त्याच मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट असतो हे कळलं, तरी चार्जर काही कुणी काढत नाही.

आणि जालन्यात विचारा, तुमच्या जिल्ह्यातल्या खाणींचं काय? लोक चमकतात. जालन्यात कसली खाण? इथं बियाणं, मोसंबी आणि सळई.

शहागडच्या पुलावर उभं राहा आणि खाली बघा.

गोदावरी अंबड, घनसावंगी, परतूरच्या कडेनं जाते. वर भोकरदन-जाफराबादकडे पूर्णा, मधून दुधना. या नद्यांच्या पात्रात ट्रॅक्टरला वाळू ओढणाऱ्या केन्या जोडलेल्या असतात, पाणी असेल तर तराफे आणि सक्शन पंप. रात्री हायवा टिप्परांची रांग. याला खाण म्हणत नाहीत, कारण हिला फाटक नाही, पाटी नाही आणि मालकही नाही. म्हणजे कागदावर सरकार मालक आहे. तेच म्हटलं!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा 2022 चा अहवाल सांगतो, जग दरवर्षी सुमारे 50 अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. पाण्याच्या खालोखाल माणूस सगळ्यात जास्त ओरबाडतो ते हेच. सोनं-हिरे फार मागे राहिले. तरी हिऱ्याला जगभर प्रमाणपत्र लागतं. वाळूला पावती लागते, आणि एका पावतीवर किती खेपा होतात हे पात्राशेजारच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

त्या पोराला पुढं नोकरीही तिथंच मिळते. चौकात दुचाकी लावून बसायचं, तहसीलदाराची गाडी निघाली की फोन करायचा. याला ‘लोकेशन देणं’ म्हणतात. ऊसतोडीला कोयता घेऊन कर्नाटकात जाण्यापेक्षा बरं, असं त्याच्या आईलाही वाटतं. तिचं काय चुकलं?

आता सरकारी पराक्रम.

गोदावरीच्या मधोमध जिल्ह्याची हद्द. जालन्याचं पथक आलं की यंत्रं पलीकडं सरकतात, पलीकडचं पथक आलं की इकडं. एका पात्राला दोन जिल्हाधिकारी, म्हणजे धाडीच्या वेळेला एकही नाही. कधीमधी पथक वेळेवर पोचतं, जिलेटिन लावून तराफे उडवतं, फोटो छापून येतो. तराफा किती लाखांचा ते बातमीत असतं. त्या तराफ्यानं किती लाखांची वाळू आधीच नेली, ते नसतं.

2025 च्या सुरुवातीला वाळू तस्करीचे गुन्हे असलेल्या 9 जणांना जालना, बीड आणि परभणी अशा तीन जिल्ह्यांतून तडीपार केलं गेलं. म्हणजे धंदा तीन जिल्ह्यांत पसरलाय हे प्रशासनानंच लिहून दिलं. माणसं हद्दीबाहेर गेली. हायवांचं काय?

कायदा नाही असं मात्र म्हणू नका. कायदा भरपूर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 48 (7): विनापरवाना गौण खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयानं 27 फेब्रुवारी 2012 ला दीपक कुमार खटल्यात बजावलं, पाच हेक्टरच्या आतला वाळूपट्टा असला तरी पर्यावरणाची मंजुरी घ्या. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2016 ला आली, 2020 ला पुन्हा आली. ड्रोन आले, जीपीएस आलं, ‘महाखनिज’ ही ऑनलाइन प्रणाली आली.

वाळू गेली.

पाचपट दंड कुणाला बसतो तेही बघण्यासारखं आहे. कुठल्याही तहसीलच्या आवारात जा. जप्त ट्रॅक्टर गंजत उभे असतात, मागच्या चाकाला वेल चढलेला असतो. ट्रॅक्टर बँकेच्या कर्जाचा, पोरगा पंचविशीतला, बाप हेलपाटे घालतोय. मधूनच एखादं जप्त वाहन रात्रीतून आवारातूनच पसार होतं. ते सहसा त्या पोराचं नसतं.

आणि मोठे? समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून गेला. भरावाला मुरूम लागला. विनापरवाना उत्खनन केल्याबद्दल कंत्राटदार कंपनीला तीनशे कोटींच्या पुढचा दंड लागला, आकडा वाचून जिल्हा हादरला, प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये आमदार रोहित पवारांनी आरोप केला की परतूर तालुक्यात एका बड्या कंपनीला लावलेला 94 कोटींचा दंड माफ करण्यात आला. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळेंनी आरोप फेटाळला. दोन दिवस वाहिन्यांवर धुरळा उडाला. कुणी माफ केला, कुणी स्थगिती दिली, कुणी पुरावा द्यावा, कुणी राजीनामा.

मुरूम ज्या शिवारातून गेला, त्या शिवाराचं नाव या दोन दिवसांत एकदा तरी कुणी घेतलं का?

धोरणांबद्दल तर बोलायलाच नको. 2019 ला एक वाळू धोरण, 2022 ला दुसरं. एप्रिल 2023 मध्ये तिसरं: 600 रुपये ब्रासनं सरकारी डेपोतून वाळू, घरबसल्या ऑनलाइन नोंदणी. पहिला डेपो नगर जिल्ह्यात थाटात उघडला. 600 रुपयांची वाळू ज्यांना वेळेवर मिळाली, त्यांनी हात वर करावेत. घाई नाही, थांबतो.

एप्रिल 2025 मध्ये चौथं. डेपो बंद, पुन्हा लिलाव. सहा वर्षांत चार वेळा सरकारनं डोकं खाजवलं ते एकाच प्रश्नावर: वाळू विकायची कशी? ती काढायची किती, आणि काढल्यावर काठावरच्या गावाचं काय, यासाठी डोकं कमी पडलं की वेळ?

काठावरच्या गावाचं काय होतं ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नदीची वाळू म्हणजे स्पंज. पुराचं पाणी धरून ठेवते, सावकाश खाली सोडते, त्यावर काठच्या विहिरी दिवाळीनंतरही तग धरतात. वाळू खरवडून खालचा कातळ किंवा चिकणमाती उघडी पडली की पाणी येतं तसं निघून जातं. विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. मग टँकर. टँकरचा कंत्राटदार कोण आणि वाळूचा कोण, हा प्रश्न गावात मोठ्यानं विचारायचा नसतो.

2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा सरपण झाल्या, तेव्हा आपण आकाशाकडं बघत होतो. थोडं नदीकडंही बघायला हवं होतं.

गावाचा रस्ता हायवांनी उखडलेला. पात्रात पुरुषभर खड्डे. पावसाळ्यात पाण्यानं भरले की पोहायला गेलेली पोरं आणि पाणी प्यायला उतरलेली जनावरं वर येत नाहीत. पोलीस ठाण्यात नोंद होते: अकस्मात मृत्यू. खड्डा मात्र अकस्मात पडलेला नसतो.

तलाठ्याचं नाव सरकारनं बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. रात्री दोन वाजता वाळू अडवताना अंगावर ट्रॅक्टर आला तर नवं नाव उपयोगी पडावं, ही सदिच्छा.

आता 22 फेब्रुवारी 2025 ची पहाट. जाफराबाद तालुक्यात पासोडी शिवारात पुलाचं काम चालू होतं. मजूर तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेले. वाळूचा टिप्पर आला आणि चालकानं अख्खा माल त्या शेडवरच ओतला. पाच मजूर वाळूखाली गुदमरून गेले. त्यात एक मुलगा, अजून कायद्यानं सज्ञानही न झालेला. एका बाईला आणि मुलीला लोकांनी हातांनी वाळू उपसून बाहेर काढलं म्हणून त्या वाचल्या.

अपघात! चालकाला अंधारात दिसलं नाही, असं म्हणतात. मान्य. पण वाळू अंधारातच का येते? दिवसा पूल बांधतात, दिवसा सिमेंट येतं, दिवसा सळई येते. फक्त वाळूलाच उजेडाचं वावडं का? आणि पुलाच्या कामावर मजुरांना झोपायला पत्र्याच्या शेडपलीकडं काही देता येत नाही, हे कुठल्या अंदाजपत्रकात ठरलं?

चालकावर गुन्हा दाखल झाला. आपल्याकडं प्रत्येक साखळीची शेवटची कडी तेवढी कायद्याला सापडते.

या घटनेनंतर दीड महिन्यानं, 8 एप्रिलला, ते चौथं धोरण मंत्रिमंडळात मंजूर झालं. त्यातली सगळ्यात गाजलेली घोषणा कोणती? घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू मोफत.

घोषणा चांगलीच आहे, कुणी नाही म्हणत नाही. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पाच ब्रासमध्ये छोट्या घराचं बरंच काम निघतं. फक्त मिळायला हवी. त्यासाठी घाटाचा लिलाव व्हायला हवा, लिलावासाठी पर्यावरणाची मंजुरी, मंजुरीसाठी सर्वेक्षण अहवाल, अहवालासाठी माणसं. तोवर पावसाळा. मग पास मिळतो, आणि घाटापासून घरापर्यंत आणायची कशी, हे लाभार्थ्यानं बघायचं. ट्रॅक्टरवाला पास बघतो आणि म्हणतो, मावशी, याचं भाडं परवडत नाही, त्यापेक्षा रात्री दोन खेपा टाकून देतो.

बघा! मोफत वाळूचा पास हातात असताना बाई चोरीची वाळू विकत घेते, आणि कायद्याच्या नजरेत तीही त्या धंद्यात सामील. तिच्या घरापासून नदी नजरेच्या टप्प्यात आहे. घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागाला एक लाख वीस हजार. त्यातलं वाळूत किती जिरतं, याचा वेगळा रकाना कुठल्याही अहवालात नाही.

जालन्याच्या सळईवर राज्यभर टॉवर उभे राहतात. गोदावरीच्या वाळूवर संभाजीनगरचे स्लॅब पडतात. आणि काठावरच्या गावात घरकुलं जोत्यावर अडकलेली. सळईही इथली, वाळूही इथली. घर तेवढं दुसऱ्याचं. ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात. पाळणा हलवणाऱ्याला झोप लागू देत नाहीत, एवढंच.

पुन्हा आफ्रिकेकडं जाऊ, कारण तिथून शिकण्यासारखंही आहे. बोट्सवाना 1966 ला स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी हिरे सापडले. त्या देशानं कंपनीशी घासाघीस करून हिरे-कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि त्यातून शाळा, रस्ते उभे केले. केप टाऊनला दर फेब्रुवारीत खाणमालकांची आणि गुंतवणूकदारांची मोठी परिषद भरते. 2010 पासून त्याच दिवसांत, त्याच शहरात खाणींशेजारी राहणाऱ्यांचीही वेगळी परिषद भरते. तिथं लोक विचारतात, आमच्या जमिनीखालचं तुम्ही नेता, आम्हाला कुणी विचारलं का? उत्तर मिळतंच असं नाही. पण प्रश्न तरी माइकवरून विचारला जातो.

आपल्याकडं माइक ग्रामसभेत असतो. वाळूघाटाच्या लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस घ्यावी, हे याच राज्याच्या धोरणात लिहिलं गेलं होतं. ठराव होतातही. कधी सरपंचाच्या ओट्यावर, कधी हायवाच्या बॉनेटवर. कोरम पूर्ण, सह्या पूर्ण, ज्यांच्या सह्या आहेत ते ऊसतोडीला गेलेले.

आणखी एक गुपित. रॉयल्टीच्या प्रमाणात वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडं जाते. केंद्रानं 2015 ला खाण कायदा बदलून ही सोय केली, महाराष्ट्रानं 2016 ला नियम केले. पैसा खाणीनं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी: पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण. आता गोदाकाठच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, तुमचं गाव खाणबाधितांच्या यादीत आहे का? लोक विचारतील, कसली यादी? मग विहीर दाखवा. यादी कोरडी आहे की विहीर, ते लगेच कळेल.

चोरून नेलेल्या वाळूची तर रॉयल्टीच नाही, म्हणजे प्रतिष्ठानला हिस्साही नाही. चोर गावाची वाळू नेतो आणि वाळूबरोबर गावाची भरपाईही नेतो. हा दुहेरी हिशेब कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आता नद्या वाचणार आहेत म्हणे. मे 2025 मध्ये सरकारनं कृत्रिम वाळूचं धोरण आणलं. दगड फोडून वाळू करायची, नदीला हात लावायचा नाही. छान. प्रत्येक जिल्ह्यात सुरुवातीला 50 जणांना प्रोत्साहन, सरकारी बांधकामांना ही वाळू वापरण्याची सक्ती. कल्पनेत खोट काढायची तर काढता येत नाही.

पण क्रशरला दगड लागतो आणि दगडाला टेकडी. टेकडीच्या पायथ्याला कोण राहतं? गावात जागा नाही म्हणून गायरानावर घरं बांधलेले. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून हरकत घ्यायला ते कुणीच नाहीत. सुरुंग उडाला की भिंतीला तडा जातो, आणि भिंत अतिक्रमणातली असली की तड्याचा पंचनामा होत नाही.

त्या तड्यांचे पैसे कुणी द्यायचे, हे कुणी बोललेलं नाही. क्रशरवाल्याला सवलत किती, ते मात्र पहिल्याच दिवशी जाहीर झालं: रॉयल्टी 600 वरून 200. ब्रासमागं 400 रुपये माफ.