आपल्या मायाळूपणाबद्दल आभार मानणेबाबत

प्रति,
मा. प्रवेश समितीचे सर,
तसेच खिडकी क्रमांक दोनमधले मा. भाऊसाहेब
(कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्यानं त्यानं आपापलं ओळखून घ्यावं.)

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, दहावीचा निकाल २०२५ साली १३ मेला दुपारी एक वाजता लागला आणि दिवस मावळायच्या आत आपली मोटारसायकल आमच्या अंगणात लागली. लेकीचे मार्क अजून तिच्या मामाला कळायचे होते. आपल्याला टक्के दशांशासकट तोंडपाठ होते. कॉलेजवाले माणूसघाणे असतात, विद्यार्थ्याला दारात उभं करत नाहीत, असं जे लोक म्हणतात त्यांनी मे महिन्यात पाटोदा तालुक्यात येऊन बघावं. इथं कॉलेजच विद्यार्थ्याच्या दारात उभं असतं.

आपण लेकीचा सत्कार केलात. पेढ्याचा बॉक्स, गुलाबाचं फूल आणि शाल. फोटो झाला, आपण तो जागेवरच स्टेटसला ठेवलात आणि शाल नीट घडी घालून परत पिशवीत घातलीत, कारण खालच्या आळीतली दोन पोरं अजून राहिली होती. आमच्या मंडळींना हे जरा लागलं. मी समजावलं की शाल वापरायची नसते, पांघरल्यासारखी करायची असते.

मग चहा घेता घेता आपण म्हणालात, "बप्पा, लेकरू तुमचं नाही, आता आमचं आहे." एसटीचा पास फुकट देऊ म्हणालात. ते अशा थाटात, की एसटी महामंडळ संस्थेच्याच मालकीचं आहे असं एखाद्याला वाटावं. पाचवी ते बारावीच्या पोरींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून सरकारच पास देतं आणि आमची लेक त्याच पासवर हायस्कूलला जात होती, हे मी बोललो नाही. पाहुण्याचा मान ठेवावा लागतो. हजेरीचं म्हणाल तर आपण त्याचीही काळजी मिटवलीत. "नाव आपल्याकडं, क्लास लातूरला. प्रॅक्टिकलला तेवढं या. डॉक्टर व्हायचंय ना बाळा? अंबाजोगाईचं मेडिकल काय लांब आहे का?" कॉलेजात न येण्याची एवढी सोय स्वतः कॉलेजानंच करून द्यावी, हा मोठेपणा.

आता फॉर्मचं. आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती इतक्याच शहरांपुरती असलेली अकरावीची ऑनलाईन प्रवेश प्रक्रिया २०२५ साली पहिल्यांदा सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची, तर पहिल्याच दिवशी संकेतस्थळ आडवं पडलं आणि तारीख पुढं गेली. आमच्या वाडीत रेंज यायला टाकीवर चढावं लागतं. अशा वेळी आपण देवासारखे धावून आलात. आधारचा फोटो घेतलात, "आलेला नंबर सांगा" म्हणालात, मी सांगितला, पासवर्डही आपणच ठेवलात. मला आठवायचा ताप नको म्हणून.

पसंतीची दहा कॉलेजं टाकता येतात. लेकीनं वहीच्या पाठीमागं यादी करून ठेवली होती, सगळ्यात वर बीडचं. आपण पहिल्या नंबरला आपलं टाकलंत आणि खाली काही टाकायचं विसरलात. कामाच्या गडबडीत होतं असं. नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. २८ जूनला यादी लागली. लेकीला अर्थातच पहिली पसंती मिळाली. आपला फोन आला, "अभिनंदन! मेरिटमध्ये नंबर लागला." ज्या तुकडीत अर्धे बाक रिकामे, तिथं मेरिटमध्ये नंबर लागायलाही नशीब लागतं.

ही माया कुठून येते याचा हिशोब मी नंतर केला. राज्यात त्या साली नियमित विद्यार्थ्यांपैकी साधारण १४ लाख ५५ हजार पोरं दहावी पास झाली. अकरावीच्या जागा २१ लाखांवर. म्हणजे प्रत्येक पोराला घ्यायला दीड बाक टपलेले. विद्यार्थी नाहीत तर तुकडी नाही, तुकडी नाही तर वर्कलोड नाही, वर्कलोड नाही तर सर नाहीत. सर, उपरोध घडीभर बाजूला ठेवून बोलतो. आपण त्या दिवशी चहा पिताना सहज बोलून गेलात, की अनुदानाचा वीस टक्क्यांचा टप्पा मिळायलाच केस पांढरे झाले. संस्थेनं माणशी पोरांचा आकडा ठरवून दिलाय आणि पेट्रोल आपलंच, हेही बोललात. एम.एस्सी. केलेल्या माणसाला भर उन्हात वाड्या-वस्त्यांवर मार्कमेमो गोळा करत फिरवणाऱ्या संस्थाचालकाला मी काय पत्र लिहिणार? त्यांना पत्रं वाचायला वेळ नसतो. त्यांचे फ्लेक्स आपण वाचायचे.

आमच्या वाडीत निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला उसाला जातात. त्यांच्याकडंही हंगामाच्या आधी असाच एक गोड बोलणारा माणूस येतो. घरच्यांची नावानिशी चौकशी करतो, लेकरांना खाऊ देतो, कोयता पक्का करतो. एकदा कोयता त्याच्याकडं लागला की मग फडातून मधेच हलता येत नाही. पण मुकादम निदान उचल तरी देतो, सर. आपल्याकडं उचल आम्हीच द्यायची आणि अडकायचंही आम्हीच.

कारण त्यानंतर लेकीची मूळ टीसी आणि मार्कमेमो खिडकी क्रमांक दोनच्या आत गेले, आणि तिथून पुढं भाऊसाहेब, आपला प्रेमळ स्वभाव सुरू होतो. सगळ्यांसाठी खुल्या फेरीत बीडला जागा दिसली म्हणून मी टीसी मागायला आलो होतो. आपल्याला आठवत नसेल; आपण मान वर केली नव्हती.

"टीसी पाहिजे होती."
"सर नाहीत."
"कधी येतील?"
"कोणते सर?"

ज्यांनी शाल घातली ते, असं मी म्हणालो. ते प्रवेशाचे सर, रद्द करायचे सर वेगळे, असं आपण सांगितलंत. रद्द करायचे सर जेवायला गेले होते. आल्यावर सर्व्हर गेला. सर्व्हर आला तेव्हा शिक्का आतल्या खोलीत होता आणि आतल्या खोलीची किल्ली मघाच्याच सरांकडं. प्रवेश रद्द होणार तोही कॉलेजच्याच लॉगिनमधून, म्हणजे तुमच्याच बोटानं. शेवटी आपण मनातलं बोललात, "दोन्ही वर्षांचे इतर चार्जेस भरा आणि खुशाल न्या." पावती मागितल्यावर मात्र आपण पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंत.

डिग्रीच्या पोरांसाठी यूजीसीनं २०१८ सालीच लिहून ठेवलंय, की मूळ कागदपत्रं तपासून परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. माहितीपुस्तक विकत घेण्याची सक्तीही करायची नाही. हा कागद माझ्या पुतण्यानं त्याच्या कॉलेजच्या खिडकीत दाखवला, तर तिथल्या भाऊसाहेबांनी त्याचीही झेरॉक्स घेतली, फाईलला लावली आणि म्हणाले, "दोन प्रती लागतात."

असो. लेक आपल्याकडंच शिकतेय. म्हणजे नाव आपल्याकडं आहे. शिकते ती मोबाईलवर, टाकीवर बसून. प्रवेश झाल्यापासून आपला नंबर लागत नाही सर, पण आपण बऱ्यापैकी आहात असं स्टेटसवरून कळतं.

कळावे, लोभ आहेच.

आपला विश्वासू,
एक पालक
ता. पाटोदा, जि. बीड

ता. क. : धाकटा यंदा दहावीला आहे, हे मी आपल्याला सांगितलं नव्हतं. तरी काल त्याच्या आईच्या मोबाईलवर "प्रिय विद्यार्थी मित्रा, बोर्ड परीक्षेस हार्दिक शुभेच्छा" असा मेसेज आला, खाली आपला फोटो आणि नवा नंबर. नंबर सेव्ह केला आहे. भाऊसाहेबांचाही पाठवावा.