साठीनंतरची सायकल आणि होडी : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका (सीमाभाग आवृत्ती)

ही मार्गदर्शिका साठी ओलांडलेल्या, बेळगाव-निपाणी पट्ट्यात राहणाऱ्या आणि डॉक्टरांनी ‘थोडं फिरत जा’ म्हटल्यापासून गच्चीवर फेऱ्या मारून कंटाळलेल्या सज्जनांसाठी आहे. बायकांसाठीही आहेच. त्यांनी फक्त दुसरा पाठ गाळावा. त्यांची सायकल पहिल्यापासून बरोबर असते.

पाठ पहिला : घराबाहेर कसं पडावं

बाकीच्या पुस्तकांत पहिला पाठ सीटच्या उंचीचा असतो. ती पुस्तकं लिहिणारे एकत्र कुटुंबात राहत नसावेत. आपल्याकडे सायकल शिकण्याआधी सायकल काढणं शिकावं लागतं. जिन्याखालची जुनी हर्क्युलिस पुसायला घेतलीत की मुलगा म्हणणार, ‘‘बाबा, या वयात?’’ सून काही बोलत नाही. ती पुण्याला नणंदेला फोन लावते. दहा मिनिटांत पुण्याहून तुम्हाला फोन येतो आणि पलीकडून रडण्याच्या बेतातला आवाज विचारतो, ‘‘कुठं पडलाबिडलात तर?’’ इथे वाद घालू नये. वादात रक्तदाब वाढतो आणि तो मोजायचं यंत्र त्यांच्याच ताब्यात असतं.

घरातून सुटलात तरी गल्ली आहे. पहिला भेटणारा विचारतो, ‘‘काय काका, गाडी बिघडली काय?’’ होय म्हणावं आणि पुढे निघावं. नाही म्हटलं तर थांबावं लागतं. दुसरा स्कूटर शेजारी आणून म्हणतो, ‘‘बसा की मागं, सोडतो.’’ तुमच्या सायकलीचं काय करायचं हे त्याने ठरवलेलं नसतं. तिसरा काहीच विचारत नाही, फक्त हळहळतो, आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या मुलाच्या धंद्यात खोट आल्याची बातमी अनगोळपर्यंत पोचते.

यावर एकच उपाय : हँडलला कापडी पिशवी अडकवा. रिकामी चालेल. पिशवी असली की माणूस कामाला निघालेला असतो आणि कामाला निघालेल्या म्हाताऱ्याला आपल्या भागात कुणी अडवत नाही. कंग्राळी-उचगावचे गवळी दुधाच्या किटल्या घेऊन शहरात यायचे, वडगाव-शहापूरचे विणकर कॅरिअरला गाठोडं बांधून निघायचे. ‘प्रकृतीसाठी’ म्हणून त्यातला एकही सायकलीवर बसला नव्हता. म्हणून पंच्याहत्तरीपर्यंत बसत होता. व्यायाम आज कंटाळा आला म्हणून उद्यावर टाकता येतो; दूध टाकता येत नाही. तेव्हा ‘व्यायाम’ हा शब्द घरात, दारात आणि विशेषतः स्वतःशी उच्चारू नये. कोथिंबीर आणायची आहे, एवढं म्हणावं. कोथिंबीर जवळच मिळते हे कुणाच्या लक्षात आलं, तर ती वडगावात ताजी असते असं सांगावं.

पाठ दुसरा : सायकल

दुकानात गेलात की मालकाचा पोरगा तुम्हाला बारीक टायरची, बाकदार हँडलची सायकल दाखवील. तिला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही आणि घंटी वेगळी घ्यावी लागते. किंमत ऐकून खाली बसावंसं वाटेल, पण त्या सीटवर नव्हे. तुम्हाला हवी ती सायकल कोपऱ्यात आहे : मधली आडवी नळी नसलेली, म्हणजे लेडीज. इथे पुरुषजात हटून बसते. पण साठीनंतरचं पडणं फक्त चालत्या सायकलीवरून होत नाही, चढता-उतरतानाही होतं. लहानपणी आपण डावा पाय पायडलवर ठेवून, दोन उड्या मारत, उजवी टांग कॅरिअरवरून फिरवून बसायचो. ती टांग आता कॅरिअरवरून फिरत नाही, कॅरिअरलाच अडकते, आणि मग सायकल व स्वार एकाच कुशीवर झोपतात.

गवळ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. मागे दोन्ही बाजूंना किटल्या लटकलेल्या. टांग मागून नेणार कुठून? मग तो सायकल किंचित आपल्याकडे कलती करायचा, ब्रेक दाबून धरायचा, उजवा गुडघा छातीपर्यंत उचलून पुढूनच नळीपलीकडे टाकायचा, बूड टेकायच्या आधी पायडल वर आणून ठेवायचा आणि मगच जोर द्यायचा. धोतराचा सोगा तोवर कमरेला खोचलेला. आजही नवशिक्याला याहून चांगली रीत शिकवता येणार नाही. फक्त गुडघा छातीपर्यंत जात नसल्यास लेडीज घ्या आणि बायकोची आहे म्हणून सांगा.

आता सीट. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण ती पार खाली ठोकून घेतो आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल विकतो. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा, एवढी सीट वर हवी. उभं राहायचं असेल तेव्हा सीटवरून पुढे उतरायचं, बसल्या बसल्या बोटांनी जमीन चाचपायची नाही. वीस वर्षं वयाच्या नावावर खपलेली गुडघेदुखी आपल्यातल्या कित्येकांच्या बाबतीत अडीच इंच उंचीचा प्रश्न होती, असं माझं मत आहे. हेल्मेट घालाच. गांधी टोपीवर ते बसत नाही. टोपी खिशात ठेवावी आणि गाव आलं की अदलाबदल करावी.

एक कडू गोष्टही याच पाठात उरकतो. सायकलीने दम वाढतो, मांड्या बळावतात, पण हाडं फारशी बळकट होत नाहीत, कारण अंगाचा भार सीट उचलते. हाडांसाठी पायांवर उभं राहून चालावं लागतं. तेव्हा चढ आला की खुशाल उतरून सायकल ढकलत न्यावी आणि कुणी हसलं तर हे वाक्य ऐकवावं.

पाठ तिसरा : वारा, ऊस आणि परराज्य

पहिला आठवडा काँग्रेस रोडवर काढा. १९२४ च्या इथल्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष होते, त्याची ही खूण. रस्ता बराचसा सपाट आहे आणि टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं की सक्तीची विश्रांती मिळते. दम लागलाय हे कबूल करावं लागत नाही. गाडी जाईपर्यंत सगळेच थांबलेले असतात.

दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडे निघा. हा नियम मी जिवापलीकडे मानतो. बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेचा वारा असा लागतो की छत्री उलटी होते. जाताना तो तोंडावर घ्यावा, येताना तोच पाठीवर हात ठेवून घरी पोचवतो. उलटं केलंत, म्हणजे सुरुवातीला वाऱ्याबरोबर बागेवाडीच्या दिशेने उडत गेलात, तर आपण अजून तरुण आहोत असा गैरसमज होतो आणि तो परतीच्या वाटेवर फार महागात पडतो. पश्चिमेला हिंडलगा, तुरमुरी, बाची करत गेलं की लागलीच शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. ज्या सीमेसाठी १९५६ पासून मोर्चे, महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालय सगळं झालं, ती तुम्ही नाश्त्याआधी पायडल मारत ओलांडता, पाट्यांची लिपी बदलते, चहा घेता आणि परत येता. निपाणीकरांना तर आणखी सोपं : मुरगूडकडे निघा, नाहीतर कोगनोळीकडून कागलला. फक्त हमरस्त्याने जाऊ नका. सेवा रस्ता धरा. तवंदी घाट या पुस्तिकेच्या कक्षेत येत नाही. तो चढायला नव्हे, उतरायला वाईट. मागून ट्रक येत असतात आणि आपले ब्रेक आपल्याच वयाचे असतात.

गळीत हंगामात, म्हणजे हालसिद्धनाथ, बिद्री, हिरण्यकेशी वगैरे कारखान्यांची धुराडी पेटल्यावर, दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तो दिसण्याआधी ऐकू येतो. गाणं कोणतं ते ओळखता आलं की तो शंभर पावलांवर आला असं समजावं. मागची ट्रॉली पुढचीच्या मागून सरळ येत नाही, हेलकावत येते, आणि बाहेर लोंबणारी उसाची टोकं नेमकी सायकलस्वाराच्या कानाच्या उंचीवर असतात. अशा वेळी पराक्रम नको. उतरावं, बांधावर उभं राहावं. एखादा ऊस पडला तर पिशवी आहेच.

या सुमारास काहींच्या अंगात वारं शिरतं. कुणीतरी बीआरएमची, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीची, माहिती देतो : दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. कमाल वयाची अट नाही. बेळगावहून कोल्हापूरला जाऊन यायचं म्हटलं तरी त्याहून जास्त होतं, तेव्हा हिशेब करा आणि गप्प बसा. त्यापेक्षा रोबेर मार्शांचं नाव पाठ करा. हा फ्रेंच गृहस्थ ४ जानेवारी २०१७ ला, वयाच्या १०५ व्या वर्षी, पॅरिसजवळच्या ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवून गेला. त्याआधी १०१ ते १०३ या वयात त्याच्यावर शास्त्रज्ञांनी लक्ष ठेवलं होतं, तर त्याची प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन वर्षांत घटायच्या ऐवजी वाढली. मुलगा ‘या वयात?’ म्हणाला की शांतपणे हे सांगावं. मात्र पुढचा भाग स्वतःसाठी राखून ठेवावा : त्याच्या सरावातला ऐंशी टक्के भाग अगदी आरामाचा होता आणि फक्त वीस टक्के दम काढणारा. आपलं प्रमाण याच्या उलट असतं. महिन्यातून एकदा जीव जाईपर्यंत आणि मग एकोणतीस दिवस बाम.

पाठ चौथा : पाण्यावर

सायकलीला गुडघे नाही म्हणाले तर हात आहेत. वल्हं मारायला दुखऱ्या गुडघ्यांची परवानगी लागत नाही. प्रश्न पाण्याचा आहे. राकसकोप बेळगावला प्यायला, जवाहर तलाव निपाणीला प्यायला. तिथे उतरलात तर गावच्या गाव तुम्हाला नळावर आठवील. हिडकल मोठं आहे, ५१ टीएमसी, आणि पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. पण धरण पाटबंधाऱ्याचं, तेव्हा आधी विचारावं. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत. मगर दिसल्यावर वल्हवण्याचा वेग पहिल्याच दिवशी सुधारतो, तरी नवशिक्यांना ही पद्धत सुचवत नाही.

आपल्या भागाचं खरं नौकानयन काहिलीतून झालं. गुऱ्हाळातली रस आटवायची लोखंडी काहील, गुऱ्हाळ बंद असलं की वेदगंगा-दूधगंगेच्या काठी होडी व्हायची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेने हमरस्ता बंद पाडला, तेव्हा बोटी येईपर्यंत या भागातल्या जुन्या माणसांना काहील आठवली असल्यास नवल नाही. नवशिका तिच्यात बसला की काय होतं? तो एका बाजूला वल्हं मारतो आणि काहील जागेवर गरगर फिरते. दुसऱ्या बाजूला मारतो, उलटी गरगरते. काहिलीला नाक नाही, शेपूट नाही. तिला पुढे ढकलता येत नाही, ओढावी लागते. पुढच्या काठाशी गुडघे टेकून बसायचं, वल्हं समोर लांब उभं खुपसायचं आणि पाणी आपल्याकडे ओढायचं, किंचित डावीकडून, किंचित उजवीकडून. हंपीला तुंगभद्रेवरचे नावाडी त्यांच्या गोल टोपल्या अशाच ओढतात. जास्त जोर लावणारा हरतो. म्हातारे यात पोरांपेक्षा लवकर तयार होतात, असं म्हणायला मला आवडेल; पोरं जोर आवरू शकत नाहीत.

पैसे आणि हौस दोन्ही असतील तर खानापूरच्या पलीकडे काळी नदीवर गणेशगुडीला कयाक मिळते. सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात त्यावर तिथली नदी चालते, म्हणून वेळ आधी विचारून जावं. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालायचं. लहानपणी भोपळे बांधून विहिरीत शिकलात हा दाखला तिथे चालत नाही. वल्हवताना दंड वापरू नका, कंबर वळवा. दंडाने दहा मिनिटं जमतं, कमरेने तासभर. आणि बसणं सोपं, उठणं अवघड. पाय लांब करून बसलेला ज्येष्ठ नागरिक कयाकमधून बाहेर काढणं हे दोन माणसांचं काम आहे, त्यातला एक आपला ओळखीचा असावा. पोलंडचा अलेक्झांडर डोबा २०१७ मध्ये सत्तराव्या वर्षी एकटाच कयाकमधून न्यू जर्सीहून फ्रान्सला गेला, ११० दिवसांत. हे मात्र घरी सांगू नका. पुण्याला फोन जाईल.

पाठ पाचवा : नोव्हेंबर

एवढं शिकल्यावर परीक्षा. ती आपल्याकडे दरवर्षी एक नोव्हेंबरला असते. १९५६ साली त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून मराठी माणसं काळा दिन पाळतात आणि मूक सायकल फेरी काढतात. परवानगी मिळणार की नाही याची चर्चा आदल्या रात्रीपर्यंत चालते. हा जुना सामुदायिक उपक्रम. केस जितके पांढरे तितका मान जास्त. राजकारण बाजूला ठेवून निव्वळ सायकलस्वार म्हणून सांगतो, याच्याइतकी कठीण कसोटी नाही. वेग पायी चालण्याचा. पुढे सायकल, मागे सायकल, दोन्हीकडे सायकली, आणि तोंडातून अवाक्षर नाही. हळू चालवणं हेच अवघड असतं. वेगात सायकल आपोआप उभी राहते. इथे ब्रेकवर दोन बोटं, नजर समोरच्याच्या चाकावर नाही तर त्याच्या खांद्यावर, आणि पायडल सतत थोडं थोडं फिरतं. पाय टेकला तरी चालतं, मागचा ‘‘ओ तात्या!’’ म्हणू शकत नाही, हाच मूक फेरीचा फायदा.

त्याच महिन्यात दुसरं काम निघतं : हयातीचा दाखला. पेन्शनरने नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं कळवायचं असतं. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं आहे आणि आता मोबाइलवर तोंड दाखवलं तरी भागतं. मुलगा उत्साहाने म्हणेल, ‘‘बाबा, घरबसल्या करून देतो.’’ सावध. दाखला गेला की त्याबरोबर बँकेची फेरीही गेली, आणि एक फेरी गेली की कोथिंबिरीची फेरीही जायला वेळ लागत नाही. मोबाइलचं नेट चालत नाही म्हणावं, अंगठा उमटत नाही म्हणावं, पिशवी घ्यावी आणि निघावं. रांगेत उभे असताना पायाला पँटचा चाप तसाच ठेवा. काउंटरवरच्या बाईंनी तो पाहिला, तर बाकीची विचारपूस बहुधा होत नाही.