साहेब येऊन राहिले

नागपुरात नवी वस्ती वसली की आधी पानठेला येतो, मग डेली नीड्स येतं आणि नळ त्यानंतर कधीतरी येतो. डेली नीड्स म्हणजे किराणा, डेअरी आणि फरसाण दहा बाय बाराच्या गाळ्यात एकत्र नांदतात ते दुकान. पाटीवर देवाचं किंवा मुलीचं नाव, बाहेर दुधाचे क्रेट, काउंटरवर जाळीखाली समोसे आणि सांभारवडी, आत काचेच्या दाराच्या फ्रिजात पनीर, दही, इडलीचं पीठ; आणि गल्ल्यावर भाऊ. भाऊंना आडनाव असतं, पण ते वीजबिलापुरतं. अशा दुकानांच्या स्वच्छतेचा विषय निघाला की शहाणी माणसं भाऊंना एक तर लबाड ठरवतात, नाही तर अडाणी. दोन्ही खोटं आहे. भाऊ कमालीचे दक्ष असतात. फक्त त्यांची दक्षता पनीराकडे लागलेली नसते, अन्न व औषध प्रशासनाच्या साहेबांकडे लागलेली असते. आणि ती तिकडेच लागावी अशी सोय आपण सगळ्यांनी मिळून करून ठेवली आहे.

कागदांचंच पाहा. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 सालचा, अमलात आला 5 ऑगस्ट 2011 रोजी. त्याच्या नियमांनी तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला नुसती नोंदणी ठेवली आणि तिची फी ठेवली वर्षाला 100 रुपये. भाऊंनी नोंदणी केली, चौदा आकडी नंबर मिळवला, कागद लॅमिनेट करून गजानन महाराजांच्या फोटोशेजारी टांगला आणि रोज सकाळी दोघांनाही उदबत्ती ओवाळतात. 1 जानेवारी 2022 पासून तो नंबर बिलावर छापणं सक्तीचं झालं, तेव्हा भाऊंना काहीच अडचण आली नाही, कारण भाऊंनी जन्मात बिल दिलेलं नाही. हिशेब बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर होतो. 2018च्या पॅकेजिंगच्या नियमांनी वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधायला बंदी केली. भाऊंनी तीही मान्य केली; म्हणजे रद्दी आता काउंटरच्या वर नसते, खाली असते. त्याच वर्षी तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल फेकायचं असा नियम आला. भाऊंचं मोजमाप निराळं आहे: कढईचा तळ दिसेनासा झाला की उरलेल्या तेलात थोडं नवं तेल टाकायचं.

ही दक्षता पाहायची तर इतवारीच्या बाजारात साहेबांची गाडी दिसल्याचा निरोप मोबाईलवर येतो तेव्हा पाहावी. ‘साहेब येऊन राहिले’ एवढे तीनच शब्द. पुढच्या दहा मिनिटांत त्या गाळ्यात जेवढं काम होतं तेवढं वर्षभरात होत नाही. दुकानात केस झाकायची टोपी एकच आणि डोकी तीन. समोशांच्या सगळ्यांत जवळ जो उभा, त्याच्या डोक्यावर ती चढते. तांदळाच्या पोत्यावर झोपलेली मांजर मागच्या घरी पोचवली जाते. तारीख उलटलेले ब्रेडचे पुडे एका खोक्यात जातात आणि खोक्यावर मार्करने ‘रिटर्न’ असं लिहिलं जातं, कारण मुदतबाह्य माल वेगळा काढून तसं लिहून ठेवला तर तो गुन्हा राहत नाही, हे भाऊंना साहेबांइतकंच ठाऊक आहे. फ्रिजमधून कोथिंबीर, तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या खर्ऱ्याच्या पुड्या आणि भाऊंचा जेवणाचा डबा बाहेर येतो. हा फ्रिज कोल्ड्रिंकच्या कंपनीने फक्त तिच्या बाटल्या ठेवायला दिलेला असतो आणि बाटल्या त्यात असतातही, सगळ्यात खालच्या कप्प्यात, दोन.

साहेब येतात, पाहतात आणि नमुना घेतात. नमुन्याची नेहमीच्या दराने किंमत मोजणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्या रकमेकडे भाऊ ज्या आदराने पाहतात तसे लक्ष्मीपूजनालाही पाहत नसतील. पनीराचे चार भाग होतात, सील लागतं, सह्या होतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून, आणि भाऊंनी मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस आणि अहवाल पटला नाही तर भाऊंना अपिलासाठी 30 दिवस. ही पद्धत चोख आहे आणि तशीच हवी, कारण माल कमी दर्जाचा ठरला तर दंड पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो आणि एवढ्या दंडाच्या आधी माणसाला बोलायची संधी मिळायलाच पाहिजे. पण त्या दिवशी उरलेलं पनीर त्याच रात्री वस्तीतल्या सहा घरांत मटारसोबत शिजून गेलेलं असतं. चौदा दिवसांनी जो निकाल लागतो तो भाऊंचा लागतो. पनीराचा केव्हाच लागलेला असतो.

यावर ठरलेला आक्षेप असा की अधिकारी कमी आहेत, ते वाढवा, म्हणजे सगळं सुरळीत होईल. अधिकारी कमी आहेत हे खरंच आहे आणि वाढवावेतही. पण नागपूरकराने हा आक्षेप जरा जपून घ्यावा, कारण खर्रा त्याच्या डोळ्यांसमोर आहे. राज्याने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, पुढे सुगंधी तंबाखू आणि खर्राही तीत आला, आणि तो बंदीचा आदेश वर्षामागून वर्ष नव्याने निघतो. तरी पन्नीवर खर्रा घोटायचा आवाज या शहरात कोकिळेपेक्षा जास्त ऐकू येतो. गिऱ्हाईक विकणाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की कोपऱ्याकोपऱ्यावर साहेब उभे केले तरी त्यांना एक पुडी विचारली जाईल. तपासणी यशस्वी व्हायला तपासणाऱ्यांची संख्या लागते त्याहून जास्त तपासून हवं असणाऱ्यांची लागते.

मग नागपूरकराला खाण्याविषयी काही पडलेलीच नाही का? तसंही म्हणता येत नाही. लाखोळीच्या डाळीवर, ती फार खाल्ल्याने पाय लुळे पडतात म्हणून, 1961 साली विक्रीबंदी आली. त्या बंदीविरुद्ध नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी वर्षानुवर्षं झुंज दिली, उपोषणं केली. त्यांची अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट आयोडीन नसलेल्या साध्या मिठाच्या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 2011 साली न्यायालयाने तो बंदीचा नियम कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला. (नव्या कायद्याच्या नियमांतून ती बंदी मागल्या दाराने परत आली, ही गोष्ट वेगळी.) त्यांचं म्हणणं पटो न पटो, चिमूटभर मिठासाठी दिल्लीपर्यंत भांडणारं हे शहर आहे. तेच शहर भाऊंना ‘हे पनीर कधीचं?’ एवढं विचारताना मात्र चाचरतं.

चाचरतं, कारण वही. गल्ल्याखाली लाल कापडाच्या बांधणीची एक वही असते आणि तिच्यात अर्धी वस्ती असते. अठराशे रुपये बाकी असलेल्या माणसाने फ्रिज रात्री बंद का करता असं कोणत्या तोंडाने विचारायचं? कायद्याने तर गिऱ्हाइकाला साहेबांच्या तोडीचा अधिकार देऊन ठेवला आहे. कलम 40 प्रमाणे कोणीही घेतलेला पदार्थ फी भरून विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि दोष निघाला तर फीही परत मिळते. अट एकच, हा इरादा विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचा. आता कल्पना करा: ‘भाऊ, पाव किलो पनीर द्या, महिन्याच्या खात्यात लिहा, आणि हो, हे मी सरकारी प्रयोगशाळेत नेऊन राहिलो.’ हे वाक्य बोलू शकेल असा माणूस निदान महाल ते धरमपेठ या पट्ट्यात अजून जन्मायचा आहे. कायदा करणाऱ्यांनी गिऱ्हाईक रोखीने घेतं असं गृहीत धरलं, तिथेच गणित चुकलं.

यावर कोणी म्हणेल, मग मॉलमध्ये जा. तिथे उधारी नाही, भीड नाही, थंडीही भरपूर. पण मॉलमध्ये जे नाही ते भाऊंकडे आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची ग्यानबाची मेख तिथे आहे. कोणता माल शिळा आहे हे भाऊंना अचूक ठाऊक असतं. लहान मुलाला घेऊन आलेल्या काकूंनी दह्याकडे बोट दाखवलं की भाऊ आवाज खाली आणून म्हणतात, ‘ते नका नेऊ काकू, संध्याकाळी ताजं येते.’ तेच दही दहा मिनिटांनी मेसला कंटाळलेल्या, भाड्याच्या खोलीतल्या पोराला सुखरूप पोचतं आणि वर चमचा फुकट मिळतो. म्हणजे तपासणी या दुकानात रोज होते, विश्लेषकाला लागतात त्या चौदा दिवसांऐवजी एका नजरेत होते. फक्त तिचा अहवाल ओळख पाहून दिला जातो. जो माणूस नुसत्या वासावरून दुधाचं वय सांगतो त्याला स्वच्छतेचं प्रशिक्षण द्यायला निघणं हा वेळेचा अपव्यय आहे. त्याला ठाऊक असलेलं अनोळखी गिऱ्हाइकालाही दिसेल अशी तजवीज करायला हवी.

भाऊंची बाजूही ऐकली पाहिजे. मे महिन्यात इथे पारा 45च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या गाळ्यात तो त्याहून वर असतो, फ्रिजचं दार दर मिनिटाला उघडतं आणि वीजबिल भाऊंच्या आडनावावर येतं. अशा गाळ्यात पनीर 5 अंशांखाली ठेवा म्हणणं सोपं आहे. पण म्हणूनच साहेबांनी लॅमिनेट केलेल्या कागदापुढे उभं राहण्याऐवजी मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता यावं आणि फ्रिजच्या काचेवर, आकडे बाहेरून वाचता येतील असा, दोनशे-तीनशे रुपयांचा थर्मामीटर लावायला सांगावं. सुट्या मिठाईच्या ट्रेवर खाण्याची मुदत लिहिण्याची सक्ती 1 ऑक्टोबर 2020 पासून आहेच. संत्रा बर्फीला जो मान, तो पनीरालाही मिळू दे. आकडा काचेवर असला की विचारणाऱ्याला भीड पडत नाही, कारण तो भाऊंना विचारतच नसतो, फ्रिजला विचारतो.

भाऊ याला विरोध करणार नाहीत. इतवारीतून ते डझनभर थर्मामीटर आणतील, एक फ्रिजला लावतील आणि अकरा विकायला ठेवतील. पहिले चार दिवस आकड्यावर कॅलेंडर लटकलेलं असेल. पाचव्या दिवशी कोणी काकू कॅलेंडर बाजूला सारून म्हणतील, ‘भाऊ, आज बारा दाखवून राहिला, पनीर राहू द्या, अंडी द्या सहा.’ भाऊ वाकून काचेत पाहतील, ‘ते सकाळचे बारा आहेत काकू, आता उतरले असतील,’ असं म्हणत फ्रिजच्या दारावर दोन थापट्या मारतील आणि अंडी वहीत लिहून घेतील.