एसटी बस : ओळख, निगा आणि आयुर्मान

एसटी बस हे महाराष्ट्रातील सार्वजनिक प्रवासाचे मुख्य साधन असून धाराशिव जिल्ह्यातील बहुतेक गावांना त्याचाच आधार आहे. जिल्ह्यात तालुके आठ आणि आगारे सहा : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम व परंडा. लोहारा आणि वाशी या तालुक्यांना स्वतःचे आगार नाही. तेथील प्रवाशांना बिघडलेली गाडी बघायची असली तरी ती शेजारच्या तालुक्यातून येण्याची वाट पाहावी लागते. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. ते पूर्ण होईपर्यंत तुळजाभवानीच्या दर्शनाची भिस्त रबरी चाकांवरच आहे.

एसटीचा इतिहास साधारणपणे १ जून १९४८ पासून सांगितला जातो. त्या दिवशी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. मराठवाड्याचा वारसा वेगळा आहे. निजामाच्या रेल्वे खात्याने हैदराबाद संस्थानात १९३२ मध्येच प्रवासी बस सुरू केल्या होत्या. गाडीची वाट पाहण्याच्या कलेत मराठवाडा त्यामुळे पुण्या-नगरच्या सोळा वर्षे पुढे आहे. १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात आली आणि वाट पाहण्याच्या बाबतीत राज्य एकजीव झाले. महामंडळाचे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. त्यातले हित अजून बऱ्यापैकी टिकून आहे. परंड्याच्या पोराला कॉलेजात आणि कळंबच्या म्हातारीला दवाखान्यात एसटीच पोहोचवते. सुखाचे सुटे भाग मात्र बाजारात मिळेनासे झाले आहेत.

एसटी बसचे वर्गीकरण दोन प्रकारे करतात. सरकारी वर्गीकरण नावावरून होते. साधी गाडी म्हणजे लालपरी, निमआराम ती हिरकणी. २०१७ मध्ये वातानुकूलित शिवशाही आली, पुढे विठाई आली, २०२२ मध्ये विजेवरची शिवाई आली. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या गाड्यांना निळा रंग मिळाला. महामंडळाच्या सर्व विभागांत बारसे करणारा विभाग सर्वांत सुस्थितीत असून त्याचा मार्गात बिघाड झाल्याची नोंद नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा ही म्हण या विभागाच्या स्थापनेपूर्वीची आहे, त्यामुळे तिचा संबंध त्याच्याशी जोडू नये.

प्रवाशांचे वर्गीकरण अनुभवावरून होते. जिची खिडकी उघडत नाही ती उन्हाळी गाडी. जिची खिडकी लागत नाही ती पावसाळी. काही गाड्यांत एकाच बाकाला दोन्ही प्रकारच्या खिडक्या मिळतात, त्यांना बारमाही म्हणावे. जी गाडी स्थानकात येऊनही बंद केली जात नाही, तिचा सेल्फ लागत नाही असे समजावे. चालक चहा प्यायला उतरला आणि इंजिन तसेच धडधडत राहिले, तर डिझेलची उधळपट्टी म्हणून नाक मुरडू नये. ते बंद केले तर सुरू करण्यासाठी चाळीस जणांना खाली उतरून धक्का द्यावा लागेल, आणि त्यातल्या निम्म्यांनी अर्धे तिकीट काढलेले असते.

आयुर्मानाविषयी नियम स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. परिवहन महामंडळांच्या बसही त्यात आल्या. गाडी पंधराव्या वर्षी भंगारात जावी, असा याचा अर्थ. चौदाव्या वर्षी ती कशी असावी, याबद्दल नियमात काही नाही. माणसाचे आयुष्य वर्षांत मोजतात, बसचे किलोमीटरमध्ये मोजायला हवे. कारण महामार्गावरून गेलेले एक वर्ष आणि भूम-परंड्याच्या आडरस्त्यांवरून गेलेले एक वर्ष या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. शिवाय चालणे जसे गाडीला झिजवते, तसे उभे राहणेही झिजवते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस राज्य शासनात विलीनीकरणासाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये मिटला. तोवर बऱ्याच गाड्या आगारात उभ्या होत्या. बॅटऱ्या उतरल्या, टायर कडक झाले, रबरी नळ्यांना चिरा गेल्या. कर्मचारी कामावर परतले, तेव्हा त्यांच्याआधी गाड्याच निवृत्तीच्या वयाला लागल्या होत्या.

जुन्याच्या जागी नवे येणे हा पुनर्भरणाचा सर्वमान्य मार्ग आहे. महामंडळात नवे येण्याच्या तीन अवस्था असतात : घोषणा, करार आणि गाडी. पहिल्या दोन अवस्था वक्तशीर असतात. ५,१५० विजेवरच्या बसचा करार २०२३ मध्ये झाला. पुरवठा ठरल्या वेळेत होत नसल्याने तो रद्द करण्याचे निर्देश परिवहन मंत्र्यांनी २०२५ च्या मे महिन्यात दिले. २०२४ मध्ये अशोक लेलँडला २,१०४ डिझेल बसची मागणी दिली गेली आणि त्या गाड्या येऊ लागल्या. नवी गाडी आगारात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, फोटो काढतात. जुन्या गाडीला हार घालण्याची पद्धत आपल्याकडे वेगळ्या प्रसंगी असल्याने आगारात ती पाळली जात नाही.

नवी गाडी येईपर्यंत जुनीची निगा राखावी लागते. निगेची रचना कागदावर चोख आहे. रोज रात्री मुक्कामी न गेलेल्या गाड्या आगारात धुतल्या व तपासल्या जातात. ठरावीक किलोमीटर झाले की मोठी तपासणी होते. मोठी कामे विभागीय कार्यशाळेत जातात. आणि सांगाडा बांधण्याचे काम दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत होते. या साखळीत सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे चालकाने संध्याकाळी लिहिलेली दोषांची नोंद. ती अशी असते : ‘ब्रेक कमी लागतो. डाव्या बाजूचा पाटा तुटला. वायपर चालत नाही.’ तिच्यासमोर कार्यशाळेचे उत्तर असते : ‘ब्रेक ॲडजस्ट केला. पाटा शिल्लक नाही. पाऊस नाही.’ एवढ्या थोडक्या शब्दांत एवढे मोठे सत्य मराठी गद्यात क्वचितच आले असेल. तिसऱ्या दिवशी चालक लिहिणे सोडतो, आणि त्या दिवसापासून गाडी कागदोपत्री निर्दोष होते.

‘पाटा शिल्लक नाही’ या वाक्यात निगेचे सारे अर्थशास्त्र आले. सुटा भाग मागवण्यासाठी मागणीपत्र जाते, पुरवठादाराचे जुने बिल थकलेले असते, मग पुरवठाही थकतो. अशा वेळी मेकॅनिक आगाराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीकडे वळतो. एका नादुरुस्त गाडीचा पाटा काढून दुसरीला बसवतात, तिचा फॅन बेल्ट तिसरीला जातो, आरसा चौथीला. अवयवदानाची चळवळ रुजवण्यात जिल्ह्यातील आगारांचा वाटा मोठा असूनही त्यांचा कोणी सत्कार केलेला नाही. मेकॅनिकांची रिकामी पदे भरली जात नाहीत, हे येथे गृहीत धरावे. जो आहे तो तार, सुतळी आणि रबरी ट्यूबची पट्टी यांच्या बळावर पहाटेची पहिली फेरी सोडतो. गाडी सुटण्यापूर्वी चालक दोन-तीन वेळा ॲक्सिलरेटर दाबून हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसतो. ब्रेक हवेवर चालतात. हवा भरल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. प्रवाशांना हा उशीर वाटतो. वास्तविक संपूर्ण व्यवस्थेत आपले काम नियमाने करणारा तोच एक मनुष्य त्यांना त्या वेळी दिसत असतो. त्याच्यावर आणखी एक हिशेब असतो : दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर गेला. इंजिन दमलेले, गाडीत शंभरावर माणसे, समोर चढ. तरी आकडा कमी आला तर विचारणा इंजिनाला होत नाही, चालकाला होते.

निगा अपुरी पडली की मार्गस्थ बिघाड होतो. रेडिएटर तापणे, क्लच प्लेट जाणे, हवा न धरणे आणि स्टेपनी पंक्चर असताना दुसरे चाक पंक्चर होणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. सोलापूरहून तुळजापूरकडे येताना घाटाचा चढ लागतो, तेथे पहिले तीन प्रकार एकाच गाडीत एकाच वेळी अभ्यासता येतात. बिघाडानंतरची पद्धत ठरलेली आहे. वाहक आगाराला फोन करतो, चालक चाकामागे दगड लावतो, पुरुष प्रवासी इंजिनाभोवती उभे राहून सल्ला देतात आणि बाया झाडाची सावली शोधतात. मागून येणाऱ्या गाडीत प्रवाशांना त्याच तिकिटावर बसवून दिले जाते. मागची गाडी आधीच भरलेली असते, ही तांत्रिक बाब आहे. नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला बाहेरच्या आगारांतून तुळजापूरसाठी जादा गाड्या येतात व जिल्ह्यातल्या गाड्याही तिकडे वळतात. त्या दिवसांत खेड्यांच्या फेऱ्या रद्द होतात. रद्द झालेल्या फेरीत बिघाड होत नसल्याने हाच विश्वासार्हता वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो.

बिघाडानंतर जबाबदारी निश्चित केली जाते. या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण याच जिल्ह्यातले आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी विधानसभेत एका एसटीचा फोटो दाखवला. गाडी भूम आगाराची होती, खिडक्या फुटलेल्या होत्या आणि अंगावर ‘गतिमान’ सरकारची जाहिरात झळकत होती. कारवाई खरोखरच गतिमान झाली : आगारातील तिघे कर्मचारी निलंबित झाले. परिवहन खाते त्या वेळी स्वतः मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याकडे होते आणि भूमचे आमदार राज्याचे आरोग्य मंत्री व जिल्ह्याचे पालकमंत्री होते. काच कोणी द्यायची होती, पैसा कोणी द्यायचा होता, नव्या गाड्या कोणी घ्यायच्या होत्या, असले क्लिष्ट प्रश्न टाळून चोर सोडून संन्याशाला फाशी या सोप्या सूत्राने प्रकरण हातावेगळे झाले. गुन्हा तरी कोणता होता? गाडी फुटकी होती हा नव्हे. तशी ती आदल्या दिवशीही होती. फुटक्या गाडीवर जाहिरात होती, म्हणून गाडी दिसली, हा गुन्हा. त्याच वर्षी जुलैत विरोधी पक्षनेतेही सरकारात सामील झाले आणि फुटक्या काचेचा प्रश्न कोणत्याही एका पक्षाचा उरला नाही. त्याच पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यात एका एसटीचे छत धावता धावता उचलले गेले, तर दुसरीत चालक एका हाताने स्टिअरिंग व दुसऱ्याने छत्री धरून बसलेला राज्याने पाहिला. धाराशिव त्यामुळे एकटे पडले नाही.

उत्पन्नाची बाजूही येथे पाहिली पाहिजे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. गाड्या भरल्या, आणि ते चांगलेच झाले. शेतमजूर बाईला तुळजापूरचा बाजार आणि माहेर दोन्ही जवळ आले. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला द्यायची असते. सवलत त्या दिवशी मिळते, रक्कम यथावकाश. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. पंधरा टक्के म्हटले असते तर प्रवाशांना जड गेले असते.

सध्या परिवहन मंत्री प्रताप सरनाईक हेच जिल्ह्याचे पालकमंत्री आहेत. ज्या जिल्ह्याचे पालक खुद्द एसटीचे मंत्री, त्या जिल्ह्यात गाडी वेळेवर येण्यासाठी याहून मोठा ग्रहयोग ज्योतिष्यालाही सुचला नसता. तरीही एक उपाय शिल्लक आहे आणि त्याला ना करार लागतो, ना निविदा. एसटीच्या साध्या गाडीत काही आसनांवर राखीव असे लिहिलेले असते. त्यांत महिला, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक यांच्याबरोबर विधिमंडळ सदस्यही आहेत. जिल्ह्यातील आमदारांनी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात शक्यतो दोनदा, या आसनावर बसून आपल्या मतदारसंघातून धाराशिवला यावे. त्या खिडकीची काच आठ दिवसांत बसेल, मागच्या खिडक्यांच्या पंधरवड्यात, आणि पाटा शिल्लक असल्याचे आगाराला अचानक आढळून येईल. निगेचे हे सर्वांत स्वस्त तंत्र आजवर कोणत्याही समितीने सुचवलेले नाही, कारण समित्या मोटारीने येतात.

हे आसन वापरात येईपर्यंत प्रवाशांनी तिकीट फेकून न देता शेवटच्या थांब्यापर्यंत जपून ठेवावे. मागून येणाऱ्या गाडीत तेच चालते.