मुंबई ते मुंबई, व्हाया समुद्र

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कसा साजरा करावा, याविषयी धर्मशास्त्र मौन पाळून आहे. साठ पूर्ण झाली की साठीशांत सांगितली आहे, ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन आहे; पण एकाच माणसाबरोबर पाव शतक काढलं तर काय करावं, याचा विधी कुठल्याही पोथीत नाही. यात विशेष काही आहे असं ऋषिमुनींना वाटलं नसावं. समुद्रावर जाण्याबाबत मात्र त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय: समुद्रयान कलियुगात वर्ज्य. त्यामुळे बायकोनं ‘या वेळी क्रूझ’ असं जाहीर केलं, तेव्हा शास्त्राधार पूर्णपणे माझ्या बाजूला होता. शास्त्राधाराचा घरात जेवढा उपयोग होतो, तेवढाच त्याचा झाला.

“समुद्र दादरला फुकट दिसतो,” मी म्हणालो.

“दादरला गेलो की तू समुद्राकडे पाठ करून, गाडी उचलून नेली का ते बघत असतोस,” ती म्हणाली. विषय तिथे मिटला आणि चौकशी सुरू झाली.

पहिला पर्याय सिंगापूरचा. तिच्या ऑफिसातली निम्मी मंडळी ती वारी करून आली आहेत आणि सगळ्यांचा एकाच जिन्यावर, एकाच पोझमध्ये काढलेला फोटो आहे. पण सिंगापूरच्या बोटीत बसायचं तर आधी व्हिसा, मग विमान, आणि विमानातून उतरल्यावर बोट. मुंबईत तर बोट बॅलार्ड पिअरला येऊन उभी राहते. टॅक्सी केली की झालं. कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज 2021 पासून मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जातं. ते 1990 साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं बांधलं गेलं. म्हणजे आमच्या लग्नापेक्षा वयानं मोठं, आणि अजून तरंगतंय. वाढदिवसाला याहून शुभशकुन कुठला हवा?

आमच्या घरात समुद्रप्रवासाचा अनुभव असलेली एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे आई. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीनं तिनं केलेल्या प्रवासाची गोष्ट आम्हाला पाठ आहे: सतरंजी पसरून डेकवर जागा धरायची, वळकटी उशाला, ट्रंक पायाशी. मग जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी एकेक बंदरं घेत बोट चालायची. बहुतेक बंदरांत ती धक्क्याला लागायचीच नाही. आत समुद्रात उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं उतरवून न्यायचे. लाट वर आली की उडी मारायची, चुकली तर पुढच्या लाटेची वाट बघायची. आजोबांनी तिला एकदा उडी न मारू देता सरळ पडावातल्या खलाशाच्या हातात टाकलं होतं. ही गोष्ट सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो थाट असतो, तो विमानाच्या बिझनेस क्लासमधल्या माणसाच्याही चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही.

क्रूझचं कळल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “खंय जाता ही बोट?”

“गोव्याला. आणि तिथून परत मुंबईला.”

“म्हणजे बोटीत बसान परत हंयच येवचा? मगे जावचा कित्याक?”

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात नाही. पूर्वी कोकणात धड रस्ता नव्हता म्हणून लोक बोटीनं जायचे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. आता रस्ता होतोय म्हणून लोक बोटीनं जातात.

पुढची अडचण तारखेची. शाळांना सुट्टी, आंबा स्वस्त आणि हॉल मिळाला या तीन कारणांनी आमचं लग्न मे अखेरीस झालं. जहाजांचं पंचांग वेगळं. पावसाळ्यात अरबी समुद्र इतका खवळतो, की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. क्रूझवाले त्याच सुमारास पश्चिम किनारा सोडतात आणि पाऊस ओसरल्यावर परततात. मे अखेरीच्या फेऱ्या कुठे स्वस्तात दिसल्या. मी खूश झालो, पण आईनं ‘रामदास’चं नाव काढलं. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या घरात रामदास बोटीचं नाव निघालं की स्वस्ताईवर कोणी बोलत नाही. वाढदिवस दिवाळीनंतर करायचा ठरला. ज्या महाराष्ट्रात शिवजयंती तारखेनंही होते आणि तिथीनंही, तिथे आमचा वाढदिवस जहाजाच्या वेळापत्रकानं झाला तर काय बिघडलं?

मग खोली. खरा संसार इथे सुरू होतो. क्रूझच्या खोल्यांचे ढोबळमानानं चार वर्ण आहेत. सर्वांत खाली ‘इनसाइड’, म्हणजे बिनखिडकीची. तिच्यावर ‘ओशन व्ह्यू’, म्हणजे न उघडणारी खिडकी. मग बाल्कनी, आणि त्याहून वर स्वीट, ज्याचा दर एजंट फोनवर आवाज खाली आणून सांगतो. साधी खोली शे-दीडशे चौरस फुटांची. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची असते आणि तिच्यात दोन-दोन पिढ्या वाढल्या, त्यामुळे क्षेत्रफळाचा प्रश्न आम्हाला पडला नाही. प्रश्न पडला तो माझ्या पोटाचा.

मला गाडी लागते. आंबेनळी घाटात माझ्यामुळे थांबलेल्या एसट्यांनी बराच वाहतूक खोळंबा केलेला आहे. तेव्हा बोट लागणार, हे गृहीतच. चौकशीअंती कळलं, की जहाज सी-सॉसारखं मध्यावर डोलतं. टोकांना उचल-आपट जास्त, मध्यभागी कमी, आणि जितकं खाली तितकं स्थिर. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, स्टॅबिलायझर. ते डावं-उजवं डोलणं आवरतात. पुढून-मागून होणारी उचल त्यांच्या आवाक्यातली नाही. म्हणजे माझ्या पोटाला मानवणारी जागा तळमजल्यावर मध्यभागी. बाल्कन्या मात्र सगळ्या वरच्या मजल्यांवर. बायकोचा समुद्र वर, माझं पोट खाली, आणि खोली एकच.

“तू आलेपाक घे, मी बाल्कनी घेते,” असा तोडगा तिनं सुचवला.

बाल्कनी कुठल्या बाजूची, हा पुढचा मुद्दा. तिला सूर्यास्त हवा होता. मी नकाशा काढला. मुंबईहून दक्षिणेला निघालं की पश्चिम उजव्या हाताला. येताना तोंड उत्तरेला, तेव्हा पश्चिम डाव्या हाताला. म्हणजे एकदा सूर्यास्त आणि एकदा कोकण. आईनं तेवढ्यात विचारून घेतलं, की जाताना वेंगुर्ला कुठल्या बाजूला येणार. डाव्या, मी म्हणालो. “मगे डावीच घ्या.” ती येणार नव्हती, पण बाजू तिनं ठरवून टाकली.

हा सगळा अभ्यास मी एजंटला ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, “सर, वर ओपन डेक असतो. तिथे गेलात की दोन्ही बाजू आपल्याच. फ्री आहे.”

फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग बायको म्हणाली, “म्हणजे बाल्कनीचे पैसे समुद्राचे नाहीत. समुद्र फुकटच आहे. पैसे बाकीची माणसं नसण्याचे आहेत.”

पर्यटन व्यवसायाचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं. मुंबईत एकांत चौरस फुटावर विकला जातो, समुद्रात तो रात्रीच्या हिशेबावर मिळतो, एवढाच फरक. पण त्यातही तिचा पुढचा सवाल होता: “आणि बाकीची माणसं नसल्यावर आपण दोघांनी तिथे करायचं काय?” पंचविसाव्या वर्षी या प्रश्नाला तत्काळ उत्तर देऊ नये. मी दरपत्रक पुढे सरकवलं.

त्या दरपत्रकात आमची खोली सापडली. मधल्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी, खिडकीची, आणि शेजारच्या खिडकीवाल्या खोलीपेक्षा स्वस्त. कारण खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली. इंग्रजीत याला ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणतात.

“समुद्र दिसणार नाही,” एजंट म्हणाला.

“पण लाइफबोट आहे, याची चोवीस तास खात्री राहील,” बायको म्हणाली. “आणि समुद्र वर फुकटच आहे की.”

माझं पोट मध्यभागी आलं, तिला खिडकी मिळाली आणि पैसे वाचले. आमच्या संसारातले बहुतेक निर्णय असेच झालेत. दोघांनाही हवं होतं ते नेमकं समोर आहे, फक्त मध्ये काहीतरी टांगलेलं आहे.

मग एजंटनं भाडं सांगितलं. क्रूझचं भाडं म्हणजे नुसती सुरुवात असते. जाहिरातीतला आकडा दरडोई, तोही खोलीत दोघं धरून. एकटा गेलात तर दुसऱ्या, न आलेल्या माणसाचेही बरेचसे पैसे तुम्हीच भरायचे. त्यावर बंदराचं शुल्क, त्यावर कर. मग बक्षिसी: दर माणशी, दर रात्री, बिलात आधीच लावलेली. अजून कोणी पाण्याचा ग्लासही पुढे केलेला नाही आणि आपण खूश होऊन बसलेलो! मद्याचं पॅकेज वेगळं. परदेशी बोटींवर तर बऱ्याच ठिकाणी असा नियम आहे, की खोलीतल्या एका प्रौढानं ते घेतलं की दुसऱ्यानंही घ्यायलाच हवं. एकानं मागवायचं आणि दोघांनी प्यायचं, हा मार्ग त्यांनी आधीच बुजवलाय. वायफाय वेगळं. ते घेतलं नाही तर निदान फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा, कारण किनारा सुटला की तो आपण होऊन जहाजाच्या उपग्रहवाल्या नेटवर्कला चिकटतो आणि घरी आल्यावर बिल हातात पडतं.

सामानाच्या यादीवर बायकोचा पहिल्यांदा विरस झाला. इस्त्री न्यायची नाही, किटली न्यायची नाही, आगीची भीती. घरचं खाणं चालणार नाही. पंचवीस वर्षांत ही बाई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतल्याशिवाय ठाणे स्टेशनच्या पुढे गेलेली नाही. “म्हणजे पहाटे चहाची तल्लफ आली तर?” तिनं विचारलं. चोवीस तास काही ना काही खायला मिळतं, असं एजंटनं सांगितल्यावर ती गप्प झाली, पण पटल्यासारखी दिसली नाही. दुसऱ्यानं केलेला चहा, तोही पाण्याच्या मधोमध.

शेवटी एजंटनं ठेवणीतला पत्ता काढला. “सर, त्याच खोलीत तिसरं माणूस आलं तर त्याला भाडं नाही. फक्त बंदर शुल्क आणि कर. भिंतीतून वरचा पलंग खाली येतो.”

जवळजवळ फुकट! बायकोनं आणि मी एकदमच आईकडे बघितलं. आपण लग्नाचा वाढदिवस साजरा करायला निघालोय, हे ‘फुकट’ म्हटल्याबरोबर आम्ही दोघंही विसरलो. आईच्या मात्र लक्षात होतं. “वयल्या पलंगार मी? शिडयेन चढान?” ती म्हणाली. “लाटेर उडी मारूची होती तेव्हा मारलंय. आता तुम्ही जावा.”

तेव्हा दोघांचंच बुकिंग. नावं पासपोर्टवर किंवा आधारवर आहेत तशी, जन्मतारखा, शाकाहारी का मांसाहारी (बायको मंगळवारी शाकाहारी; या उत्तराला रकाना नाही), आणि रद्द केल्यास किती पैसे कापणार ते. तारीख जवळ येईल तशी कपात वाढत जाते आणि शेवटच्या दिवसांत परत काहीच मिळत नाही. ‘वाचलं आणि मान्य आहे’ यावर मी खूण केली. लग्नातही कोणी सगळं वाचून घेतलं नव्हतं.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना उरला: आणीबाणीत कोणाला कळवायचं. इतकी वर्षं बँकेत, दवाखान्यात, ऑफिसात, सोसायटीत, जिथे हा रकाना आला तिथे मी हिचं नाव लिहिलं आणि हिनं माझं. हात सवयीनं तिच्या नंबराकडे गेला. फॉर्मनं तो घेतला नाही. खाली लाल अक्षरांत आलं, की ही व्यक्ती आपल्यासोबत प्रवास करणारी नसावी. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. आमच्या दोघांच्या मिळून झालेल्या आणीबाणीत तिसऱ्या कोणाला कळवायचं, हा विचार आजवर करावाच लागला नव्हता.

“आई, तुझा नंबर देतोय,” मी म्हणालो.

“दी,” ती म्हणाली. “पण त्यांका सांग, दुपारी दोन ते चार फोन करू नको म्हणान. मी न्हिदलेली असतंय.”